मीठ-पाण्याच्या गुळण्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि जिला बाकी सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — नीट माहीत नाही. तुम्ही माझ्या घरी कधी येणार नाही, म्हणून असेल.

पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला, वडिलांना तिथे नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून कॉलनीत राहायला आलो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. स्थळं बघणं चाललं होतं. दारात कुणी आलं की मी आतल्या खोलीत जायची. बोलण्यापेक्षा बघणं मला सोपं वाटायचं.

थेरगावहून ठकूबाई दूध घालायला यायच्या, नदी ओलांडून, डोक्यावर चरवी घेऊन. मी त्यांना मावशी म्हणायची. एकदा माझी दाढ ठणकत होती आणि आई घरी नव्हती. मावशींनी कनवटीची पुडी सोडली. आत मशेरी होती — तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड.

"लावा वाईच. गप ऱ्हाईल."

राहिली. डोकं जरा गरगरलं, पण दाढ गप्प झाली. मग दाढ बरी झाल्यावरही मी मागत राहिले. दुधाबरोबर रोज चिमूटभर, कागदात बांधून. कॉन्व्हेंटची मुलगी न्हाणीघराचं दार लावून मशेरी घासते — हे आईला कळलं असतं तर? बघायला येणाऱ्यांना कळलं असतं तर? फक्त मावशींना माहीत होतं, आणि त्यांना त्याची फार गंमत वाटायची. "आमच्या मडमबाई," असं म्हणून पदर तोंडाला लावून हसायच्या.

कारखान्याच्या दवाखान्यात शनिवारी दातांचे डॉक्टर यायला लागले. पुण्याच्या एका इस्पितळात असायचे, पण मूळचे मद्रासकडचे. मराठी येत नव्हतं. कामगारांच्या आणि आसपासच्या गावांतल्या बायकांचं बोलणं त्यांना इंग्रजीत सांगायला कुणीतरी हवं होतं. वडिलांनी माझं नाव सुचवलं. मुलीला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून आईही यायची आणि कोपऱ्यात विणत बसायची. तिला इंग्रजी येत नव्हतं.

डॉक्टर माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलायचे. दातांच्या कामातही वेगवेगळी माणसं असतात, म्हणायचे. कुणी किडलेला दात भरतो, कुणी फक्त हिरड्या बघतो, कुणी मुलांचे वाकडे दात तारेने सरळ करतो, कुणी कवळी बसवतो, कुणी जबड्याची शस्त्रक्रिया करतो. आणि मी इथे येतो ते या कुणाकडेही जायची वेळ येऊ नये म्हणून. दुखरा दात बघून ते थांबत नसत. गाल, जीभ, टाळू सगळं बघायचे. प्रत्येकीला विचारायचे, मशेरी लावता का? तो प्रश्न मराठीत मी विचारायची. अगदी शांतपणे. शनिवारी सकाळी मी लावत नसे.

मावशींना दवाखान्यात मीच बोलावलं होतं — हेही सांगायला हवं. तिखट खाल्लं की त्यांच्या गालात आग व्हायची. त्या आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"आता ताई, तुमी इचारता व्हय मला?" मावशी हसल्या.

कोपऱ्यात आईने विणकामातून मान वर केली.

तेवढ्यात डॉक्टरांनी त्यांना तोंड उघडायला लावलं. डाव्या गालात बराच वेळ बघत राहिले, बोटाने दाबून बघितलं. मग माझ्याकडे वळून हळूहळू बोलले. पांढरा चट्टा आहे, कडा कडक आहेत. वाईट रोगाची सुरुवात असू शकेल. लहानसा तुकडा काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. मंगळवारी यांना इस्पितळात यायला सांग, मी स्वतः यांना शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे घेऊन जाईन. मशेरी आजपासून बंद. आत्ता काढून टाकता येईल, पुढे कदाचित येणार नाही. घाबरवू नकोस, पण काही गाळूही नकोस.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. डोळ्यांत ते हसू अजून होतंच. मी मशेरी सोडायला सांगितलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, ते मला ऐकूच आलं — मग तुमी बी सोडा की, ताई. आईसमोर. मनात काही न ठेवता.

मी म्हणाले, "गाल जरा सोलवटलाय, मावशी. मीठ-पाण्याच्या गुळण्या करा."

"येवढंच?"

"एवढंच."

त्यांना कळलं का, डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हटलं. मावशींनी त्यांना हात जोडले आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी दारात सांगता आलं असतं ना? आई स्वयंपाकघरात असायची. येता-जाता सांगता आलं असतं. पण मग काल खोटं का बोलले, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. आणि परवा सांगितलं असतं तर त्याहून मोठं उत्तर.

पुढच्या शनिवारी डॉक्टर म्हणाले, मंगळवारी मी वाट बघितली, त्या आल्या नाहीत. मी म्हणाले — हे मी कुणी न शिकवता म्हणाले — सर, हे लोक ऐकत नाहीत, इस्पितळाला घाबरतात. त्यांनी सुस्कारा सोडला आणि हात धुवायला गेले. का विश्वास ठेवू नये त्यांनी? हे वाक्य त्यांनी आधीही बऱ्याच जणांकडून ऐकलं असणार.

नंतर दूध घेऊन मावशींची सून यायला लागली. त्यांचं तोंड उघडेना, असं कळलं. आई मला घेऊन थेरगावला त्यांना बघायला गेली. मावशी ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, गालावर पदर धरून. जवळ गेल्यावर वास आला. शेजारी पाण्याचा तांब्या होता, आणि वाटीत मीठ.

सून म्हणाली, "डागदरानं सांगितल्या तशा गुळण्या करत्यात. येक दिस चुकवला न्हाई."

मावशींनी माझ्याकडे बघून मान हलवली. बोलता येत नव्हतं.

निघताना सुनेने मला बाजूला घेतलं. "ताई, डागदर आनिक काय म्हनलं व्हतं का?"

मी नाही म्हटलं.

मावशी त्या उन्हाळ्यात गेल्या.

भित्री होते, लहान होते, असं मी स्वतःला सांगून बघितलं आहे. टिकत नाही. कारण एक गोष्ट अजून उरली आहे, आणि तीच सांगायला मी इतका वेळ लावला.

त्या शनिवारनंतर मावशी पहिल्यांदा दूध घेऊन आल्या तेव्हा त्यांनी रोजच्यासारखी पुडी पुढे केली. मी नको म्हटलं.

"का वो? सोडली?"

"सोडली."

"बरं केलं," म्हणाल्या, आणि पुडी परत ठेवून दिली. का सोडली, ते त्यांनी विचारलं नाही. त्यानंतर मी मशेरीला कधीच हात लावला नाही. सकाळी आरशासमोर उभी राहून गाल बोटाने ताणून बघायची — डावा, मग उजवा. अजूनही बघते. काही नाही तिथे.

डॉक्टरांचा शब्द न् शब्द मला कळला होता. तो मी पाळला.