मक्याच्या भाकरीचे तुकडे

सकाळची मक्याची भाकरी उरली की मी तिचे चौकोनी तुकडे करते आणि लोण्यावर लसूण घालून कडक होईपर्यंत परतते. टोमॅटोच्या सारात टाकले की ते लगेच खायचे, नाहीतर मऊ पडतात. हा नियम बाबांचाच. आज आई आणि मी कुडुमकुडुम खात होतो. बाबांच्या बाजूने आवाज नव्हता. तुकडे फुगेपर्यंत ते नुसते वाटीकडे बघत बसले होते.

"खा ना, बाबा."

"निवू दे जरा."

सार केव्हाच निवलं होतं. शिळं झालेलं पुन्हा कडक करता येतं, याचा मला केवढा भरवसा वाटायचा. बाबांनी एक मऊ तुकडा तोंडात घेतला, गळ्याशी हात नेला आणि डोळे मिटून गिळला. आईनं चावणं थांबवलं.