निलेशला हरवलं, पण खरंच हरवलं का?

मंडळी, आज सकाळी अंधेरीतल्या आमच्या क्लबात मी स्क्वॉशमध्ये निलेशला हरवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा!

आमच्याकडे प्रत्येक मॅचनंतर अ‍ॅपवर रेटिंग बदलतं. आपल्यापेक्षा वरच्याला हरवलं की आपलं भरपूर वाढतं आणि त्याचं तेवढंच घसरतं. माझं झकास वाढलं. मी नाचायचीच बाकी होते.

मग निलेशचं रेटिंग पाहिलं. ते इतकं उतरलं होतं की रविवारच्या स्पर्धेत तो आता खालच्या गटात खेळणार. तिथे त्याला हरवणारं कोणीच नाही.

मला शेवटचा गेम आठवला. किती सोपे बॉल त्याने समोरच्या भिंतीच्या तळाच्या पत्र्यावर मारले होते, जिथे बॉल लागला की पॉइंट जातो!

"मुद्दाम हरलास का रे?" मी विचारलं.

"जिंकलीस ना? मग कशाला डोकं लावतेस यार!" तो हसत बॅग भरत राहिला. 'नाही' मात्र म्हणाला नाही.

घरी येऊन कोचना मेसेज केला, "सर, आजची मॅच धरू नका. आम्हाला पुन्हा खेळवा."

सरांचं उत्तर आलं, "अगं, पण तू खरंच छान खेळलीस."

आता मी स्वतःवर संशय घेऊ की निलेशवर? तुम्ही काय केलं असतं?