न उघडणारं वायंडिंग

नव्व्याण्णव साली मी इचलकरंजी सोडली, तेव्हा स्टँडवर आबांनी मला जपून राहा म्हटलं नाही, पत्र टाक म्हटलं नाही. पुण्याची एसटी लागली. त्यांनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली, खाली उतरले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "वाजिवताना चपला घाल." तेवढंच. बारा-बारा तासांच्या पाळ्यांविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून गावातल्या एकाही माग-खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या शेडमध्ये, मला काम मिळेना, म्हणून मी निघाले होते. आणि बापाला सुचतंय काय, तर चपला. हायवे लागेपर्यंत मी रागानं बाहेर बघत होते.

जे तिथंच राहिलात त्यांना हे माहीत आहे. जे माझ्यासारखे बाहेर पडलात आणि सोयीनं विसरलात, त्यांच्यासाठी सांगते. विहारासमोर सभा असली की स्टेजवर तसबीर, तसबिरीला हार, आणि वर चढताना चपला खाली काढायच्या, ही आपली रीत. वीज यायची शेजारच्या माग-खात्याच्या लाइनवरून, अर्थिंगचा पत्ता नाही. अनवाणी पाय, बोटाखाली गिटारच्या तारा, आणि ओठ माइकला लागले की असा झटका बसायचा की कडवं मधेच तुटायचं. लोकांना वाटायचं, पोरगी संतापानं थांबली. टाळ्या पडायच्या. आबा मोटर वायंडिंगवाले, जळलेल्या मोटरींत नवी तार भरणारे; त्यांना खरं कळायचं. ते दर सभेला रबरी चपलांचा जोड स्टेजच्या कडेला ठेवायचे आणि मी दर सभेला तो पायानं मागं सारायचे. तसबिरीसमोर चपला? मेले तरी नाही.

ती गिटार आबांनीच केलेली. शेजारचे रसूलचाचा मागाचं लाकडी सामान बनवायचे. त्यांनी मोडीत निघालेल्या मागाच्या फळीतून तिचं अंग कापलं आणि एका बुडालेल्या ऑर्केस्ट्राच्या गिटारची मान तिला बसवली. तारांखालचा पिकअप, म्हणजे तारेचं थरथरणं पकडून अॅम्प्लिफायरला पोचवणारं तांब्याच्या तारेचं वेटोळं, आबांनी गुंडाळलं. मोटरचं करतात तसंच: वेढे मोजून, व्हर्निशमध्ये बुडवून, सुकवून. "जळलं तर परत भरतो, भ्यायचं न्हाय," म्हणाले. रसूलचाचा म्हणाले, हे धूड पोरीच्या लग्नात आंदण दिलंस तर जावई मांडवातनंच पळंल. आबा चार दिवस हसत होते.

ती घुमायची. गल्लीतले माग चालू असले की त्यांच्या मोटरींची सगळी घरघर तिच्यात उतरायची, मी हात न लावताही.

पुण्यात मी एका संस्थेत लागले. प्रोजेक्ट, रिपोर्ट, वर्कशॉप, फंडिंग. पहिल्याच कार्यक्रमात साउंडवाला म्हणाला, "मॅडम, ही बंद करा, हम येतोय." हम म्हणजे तीच घुमण्याची घरघर. तरी पाच वर्षं मी तिच्यावरच रेटलं. मग नवी घेतली. काळी, चकचकीत, जुनीच्या निम्म्या वजनाची. मानेवरून बोट घसरत जातं, सूर लावला की दोन-दोन दिवस हलत नाही, हम नाही. झटकाही नाही, कारण हॉलमध्ये गालिचा असतो आणि माझ्या पायात बूट. असंघटित कामगारांवरच्या एका परिषदेत मी तिच्यावर आठ तासांच्या पाळीचं आमचं गाणं म्हटलं. लोक डोलले आणि जेवायला गेले. जुनीवर तीन सूर खोटे लागायचे आणि पुढचं कडवं समोरची गर्दी उचलायची. नवीवर एक सूर चुकत नाही आणि कडवं कुणाला माहीत नाही. साधनं सुधारली की चळवळ सुधारते असं जे सांगतात, ते साधनं विकणारे असतात.

दोन वर्षांनी मी दोन्ही गिटारी घेऊन गावी गेले. गाण्यासाठी नाही; गिटारी आबांना दाखवायच्या होत्या, आणि खरं म्हणजे आबांना न्यायचं होतं. आई गेल्यापासून ते एकटे होते. गल्लीतले जुने माग मालकांनी घणानं फोडून भंगारात घातले होते. गावाबाहेरच्या नव्या शेडमध्ये काही बिघडलं तर कंपनीचा माणूस येतो आणि सुटा भागच बदलून जातो. आबांच्या दुकानात एकही मोटर आलेली नव्हती. मी जुनी गिटार जोडली. घुमली नाही. घुमायला गल्लीत चालू काही नव्हतंच.

दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. जुनीच्या पिकअपला त्यांनी मीटर लावून बघितला. वायंडिंग शाबूत. मग पेचकस घेतला आणि नवीकडे बोट करून विचारलं, "उघडू?" माझ्या बापानं जन्मात कुठलीही वस्तू उघडायला कुणाची परवानगी मागितली नव्हती. आत पिकअप काळ्या राळेत ओतून बंद केलेला होता.

"ह्यातलं वायंडिंग उघडत न्हाय की."

"नाही आबा. सील असतं."

"आन् जळलं तर?"

"नवीन बसवायचं."

त्यांनी एकेक स्क्रू ज्याच्या त्याच्या भोकात परत बसवला आणि वरून फडकं फिरवलं.

मग मी सुरू केलं. पत्रकात मुद्दे मांडतात तसं: खोली आहे, जवळ दवाखाना आहे, एकट्यानं स्वयंपाक करायला नको. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तितं सगळं असलंच असंल. मी काय करू तितं?"

मी म्हणून गेले, "मग इथं तरी काय करताय?"

असं मी कुठल्या मालकालाही तोंडावर बोलले नव्हते. आबांनी पेचकस पुसून जागेवर ठेवला. "बसतो की," म्हणाले. "बसायची जागा माझी हाय."

निघताना ते दुकानाच्या पायरीपर्यंत आले. "येत जा गं. पण मला न्यायला म्हणून येऊ नको."

कुणाविरुद्ध उभं राहायचं आणि काय मागायचं, हे मला शाळेपासून कळत आलंय. त्या पायरीवर कळलं नाही. तिथं राहिलेल्यांनो आणि निघून गेलेल्यांनो, घर म्हणजे काय असं मला विचाराल, तर आता एवढंच आहे: आपल्या दुकानात रिकाम्या हातांनी बसलेला एक माणूस, आणि त्याच्या बाजूनं मला एकही घोषणा सुचत नाही.