पान अकरा : येळवशीची भज्जी, चौदा जणांसाठी

तमाम सोयरेधायरे, भावबंद आणि बांधाला बांध असलेल्या समस्त मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घरच्या पाककृतींच्या वहीतले पान अकरा आजपासून रद्द करण्यात आले आहे. ज्यांच्याकडे प्रती गेल्या असतील त्यांनी ते पान फाडून चुलीत घालावे. चूल नसेल तर मिक्सरखाली अंथरावे.

वही मीच केली. सासूबाईंच्या पुढ्यात बसून एकेक पदार्थ काढून घेतला, टाइप केला, झेरॉक्स काढल्या, स्पायरल बायंडिंग केलं आणि लग्नपत्रिका वाटाव्यात तशा प्रती नातलगांत वाटल्या. सासूबाईंना हा सगळा पोरखेळ वाटायचा. "धन्याचा वास सुटला की उतरायचं," त्या सांगायच्या आणि मी लिहायचे : सात मिनिटं. त्यांच्या मुठीतलं मीठ मी वाटीत ओतून घेऊन चमच्यानं मोजायचे.

येळवशीच्या भज्जीपाशी मात्र आमचं अडलं. येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी धाराशिवात चहा मिळायची मारामार, कारण सगळं शहर शेतात. कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि तिथंच भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असं जेवायचं. ही भज्जी तळलेली नव्हे. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, हाताला लागेल ती पालेभाजी, चिंच आणि बेसन लावून शिजवलेली दाट भाजी.

"ही किती जणांसाठी?" मी पेन सरसावून विचारलं.

"येळवशीला माणसं मोजत्यात व्हय?"

"आत्याबाई," सासूबाईंना मी अशीच हाक मारते, "वहीत लिहावं लागतं."

"मग लिव. पातेलं भरून."

हे काय माप झालं! मी माझ्या अकलेनं घरातली माणसं मोजली. अकरा. येणारे-जाणारे तीन धरले. ते आपापल्या शेतात जेवूनच येणार, म्हणून त्यांना दोन-दोन चमचे. दरवर्षी उरलेली भज्जी आम्ही दोन दिवस खातो, हे लक्षात ठेवून मापंही आखडती धरली. झालं, लिहून टाकलं : चौदा जणांसाठी. इतक्या येळवशी मी पाहिल्या, पण वाढण्याच्या खात्यात कधीच नव्हते. मी फोटोच्या खात्यात.

आणि औंदा सासूबाईंचा खांदा आखडला.

"औंदा तूच बघ," त्या म्हणाल्या. एवढ्यावर थांबत्या तर बरं होतं. "आपल्या खोपीवरनं आजवर कुणी अर्धपोटी उठलं न्हाय, तेवढं ध्यानात ठेव."

त्या वाक्यानं माझी झोप उडाली. तरी वही होती ना! पान अकरा उघडून सगळं चमच्याचमच्यानं केलं.

बेंबळीकडच्या आमच्या शेतात पूजा झाली. मी पातेल्यावरचं झाकण काढलं. कडुलिंबाखाली खुर्चीत बसलेल्या सासूबाईंनी आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पदर सारखा केला. त्या बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

घरची माणसं बसतात न बसतात तोच धाकटे दीर रस्त्याकडेला जाऊन उभे राहिले. त्यांचा आवाज असा की त्यांना फोनची गरज नाही. मोटारसायकल दिसली की, "ओ पाव्हणं! तसंच कुठं? या, आंबील घेऊन जावा!"

पाव्हणे येत होते. नुसते येत नव्हते, मागे बसलेल्यांना घेऊन येत होते. आणि दोन चमचे कुणीही मागत नव्हतं.

मी दिरांना डोळ्यांनी खुणावलं. ते खुशीत ओरडले, "वैनी म्हणत्यात आणखी बोलवा!"

माझ्या हातातला डाव माणसागणिक उथळ होत चालला. लांबून गाडीचा आवाज आला की मी पातेल्यावर झाकण ओढायचे. ती पुढे निघून गेली की मी हळूच पांडवांना हात जोडायचे. नवरा पाणी घ्यायच्या निमित्तानं जवळ आला.

"थोडी मागं ठेवलीस ना?"

"मागं कुठली? हीच."

त्यानं पातेल्यात डोकावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला आज नुसती आंबीलच गोड लागायलीय." बिचारा! भज्जीसाठी तो वर्षभर थांबतो.

भज्जीचा तळ दिसला तेव्हा शेजारच्या शेतातले म्हातारे काका बांध ओलांडून येताना दिसले. काका म्हणजे साधं माणूस नव्हे. ते जे बोलतात ते दिवस मावळायच्या आत गावभर होतं. सासूबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

मी पातेलं तिरकं केलं, डावानं खरवडलं. पत्रावळीवर चार उंडे रचले, कांद्याची पात ठेवली, शेंगदाण्याची पोळी घडी न घालता पसरली, शेजारी आंबिलीचा तांब्या. या सगळ्या आराशीच्या मधोमध भज्जीचा एक ठिपका.

काकांनी पत्रावळीकडे पाहिलं. मग पातेल्याकडे. मग जेवू लागले. मी "आणखी वाढू?" असं विचारण्याचं धाडस केलं नाही. ते "वाढ" म्हणाले असते तर मी तिथंच भुईत गेले असते. त्यांनी पत्रावळ बोटानं निपटली. हात धुतले. सासूबाईंना राहवेना.

"पोट भरलं का, भावजी? खरं सांगा."

काकांनी उपरण्याला हात पुसले, पोटावरून एकदा फिरवले आणि पलीकडच्या शेतापर्यंत जाईल अशा आवाजात बोलून गेले :

"सकाळधरनं सात खोपी फिरलो, वैनी, पर पोटाची कीव करून वाढणारी तुमची सूनच एकटी!"