एजंटची बाजू घेणाऱ्या सासूबाई

आमच्या सासूबाईंचं लग्न झालेलं नव्हतं. वय सव्वीस, गाव शिरूर कासार. बीडमधल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कार्यालयात त्यांना ही पदवी पहिल्याच आठवड्यात मिळाली. आपण लिहिलेली ओळ त्यांच्यासमोर ठेवावी, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवावा आणि एवढंच म्हणावं, "कावून?" म्हणजे, का? लिहिणाऱ्याला घाम फुटायचा. मला जरा जास्तच, कारण मला अपराधी वाटायला फारसं काही लागत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी एका संस्थेने आमच्याकडून फोनवर बोलणारा एजंट करून घेतला होता. माणूस नव्हे, संगणकाचाच. आईबापाने त्याला अडचण सांगायची आणि त्याने पोरांच्या शाळेचं काम करायचं. त्याच्या हाताशी आम्ही काही टूल दिली होती. एक शाळा सोडल्याचा दाखला काढणारं, एक आईबाप तोडीला गेल्यावर पोरांना गावीच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहात जागा धरणारं, अशी. प्रत्येक टूलखाली एक-दोन ओळींचं वर्णन. टूलच्या आत काय आहे ते एजंटला दिसत नाही, वर्णन वाचूनच कुठलं उचलायचं ते तो ठरवतो. वर्णनं लिहायचं काम माझं. ती एजंटला नीट वाट दाखवतात का, हे तपासायचं काम सासूबाईंचं.

एजंट चुकला की आम्ही सगळे त्याला शिव्या घालायचो. त्या मात्र कायम त्याची बाजू घ्यायच्या. "नवी सून हाय ती. डबे सगळे सारखे, वर नाव न्हाई, अन् आमटीत साखर पडली की बोंब मारायची. मला कावून सासू म्हणता? सासू तर तुमी." हे त्या माझ्याकडे न बघता म्हणायच्या, ही त्यांची सभ्यता.

त्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न होता, "हे कधी वापरायचं न्हाई, ते कुठं लिवलंय?" ते कुठेच लिहिलेलं नसायचं. दाखल्याच्या टूलखाली मी लिहिलं होतं, 'कुटुंब गाव सोडून जात असल्यास वापरावे.' चहा येईपर्यंत लिहिलेलं वाक्य. माझं सगळं आयुष्य बीड शहरात पगारावर गेलं. गाव सोडणं म्हणजे मला टेम्पोत कपाट चढवणं एवढंच ठाऊक.

"चाचण्या तर सगळ्या पास झाल्यात," मी म्हणालो.

"तुमी विचारलं म्हणून. 'माझ्या पाल्याची वसतिगृहात सोय करावी.' ऊसतोडीच्या टोळीत असं कोण बोलतं, सर?"

मग त्यांनी आपल्या गावच्या बोलीत एजंटला विचारलं, "आमी चाललो कारखान्यावर. पोरीच्या शाळेचं बघा." एजंटने तत्परतेने पोरीचा दाखला काढला. पुन्हा विचारलं, पुन्हा दाखला. चाचणीतली नावं खोटीच होती, तरी आमचा प्रोग्रामर जुबेर पुटपुटला, "बे, यानं तर पोरगी घरीच बसवली."

सासूबाई हसल्या नाहीत. "आमच्याकडं दर साली गाव सोडत्यात अन् उन्हाळ्यात माघारी येत्यात. माझ्या अक्काचं नाव असंच कमी केलं मास्तरनं. परत कुणी घातलं न्हाई. तिनं कोयता घेतला."

दसरा झाला होता. टोळ्या निघायच्या आत एजंट सुरू करायचा शब्द मी संस्थेला दिला होता. मुदत पुढे ढकलायला फोन केला. तिकडचे साहेब म्हणाले, "गावं रिकामी झाल्यावर सुरू करणार का?" मी थोडेच दिवस मागून घेतले. सासूबाई शिरूरला गेल्या आणि आईच्या ओट्यावर बसून बायका नेमकं काय बोलतात ते ऐकून आल्या.

तोवर मी पापक्षालन म्हणून त्या टूलचं वर्णन पानभर केलं होतं. त्यांनी ते एजंटला दिलं. तो इतका बावरला, की कुठलंच टूल उचलेना. "सर, एवढं ऐकल्यावर सून माहेरी जाईल," म्हणत त्यांनी खोडायला सुरुवात केली. एक वाक्य बदलायचं, तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, मग पुढचं वाक्य. शेवटी उरलं ते असं: शाळेतून नाव कायमचे कमी करून दाखला काढते. कुटुंब परत येणार असेल तर वापरू नये. मुलगा किंवा मुलगी सोबत जाणार की गावीच राहणार, हे आधी विचारावे.

टोळ्या निघायला थोडे दिवस उरले असताना एजंट सुरू झाला. त्याच आठवड्यात सासूबाईंना पुण्यात नोकरी लागली. त्यांना थांबवावं असं फार वाटलं, पण कोणत्या तोंडाने म्हणणार? निरोपाला भेळ खाल्ली. जाताना त्या जुबेरला म्हणाल्या, "सरांवर लक्ष ठेव, परत पानभर लिवतील."

सुरुवातीचे फोन, बोलणाऱ्याला तशी कल्पना देऊन, आम्ही ऐकत होतो. त्या गेल्यावर दोन-तीन दिवसांत शिरूरहून एका बाईचा फोन आला. बाई आधी एजंटचीच चौकशी करायला लागली. "माझी बहीण होती तिथं कामाला. चष्मा हाय तिला. वळखता का?"

एजंट म्हणाला, माफ करा, मला माहीत नाही. आपलं काय काम आहे?

"आमी चाललो कारखान्यावर. पोरीच्या शाळेचं बघा."

जुबेरने माझा हात घट्ट धरला. एजंटने विचारलं, मुलगी तुमच्यासोबत येणार आहे, की गावीच राहणार?

पलीकडून बाई म्हणाली, "न्हाई, शाळेतच ऱ्हाईल ती."

वसतिगृहात जागा धरल्याचं एजंटने सांगेपर्यंत मी पुण्याला फोन लावला होता.