खालचा बोल्ट

गल्लीनं तिचं नाव घोरपड ठेवलं होतं, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. घोरपड चिकटली की सुटत नाही. ही चिकटलेलं सोडवायची, पण सुटेपर्यंत हटायची नाही.

गॅरेज मूळचं नवऱ्याचं. गडी कामाचा, पण अंगात वारा भरलेला. बोल्ट हलला नाही की पान्याला लांब पाईप, आणि पाईपवर स्वतः उभा. कट्ट. निम्मा बोल्ट खाली, निम्मा आत. मग गॅसवरचं भांडं उतरवून ही यायची, आतल्या तुकड्याला बरोब्बर मधे भोक पाडायची आणि उकरून काढायची. त्यानं मोडायचं, हिनं निस्तरायचं, असा संसार चालला. पुढं हिसके देऊन देऊन नवऱ्याचा खांदा गेला. तो शाळेच्या पोरांची व्हॅन चालवू लागला, अन् गॅरेज हिच्या हातात आलं.

सुट्टी संपून उद्या शाळा उघडायची होती. व्हॅनच्या पुढच्या चाकाची ब्रेकची चकती झिजून तिला विळ्यासारखी धार आली होती. अशा गाडीत पोरं बसवायची नाहीत, यावर दोघांचं एकमत. आणि पहिल्याच दिवशी व्हॅन आली नाही तर दुसरी लावू, असं शाळेनं बजावलेलं.

चकती काढायला तिच्यामागचे दोन बोल्ट सोडवायचे. वरचा मुकाट निघाला. खालचा गंजून लोखंडाशी एकजीव झालेला.

"कापून टाक," नवरा म्हणाला.

"आणि आतला तुकडा काढायला कुणाला बोलवू, तुमच्या आत्याला?"

"आत्यानं ओढला असता तर एव्हाना हातात असता."

तिनं तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, फटीत तेल सोडलं आणि बोल्टाच्या डोक्यावर हातोडीनं हलके ठोके देत बसली. "हा शेवटचा कुणी आवळला होता?"

नवरा छताचे पत्रे बघू लागला. "मीच. घाईत होतो."

"ग्रीस?"

"घाईत होतो म्हटलं ना."

"पाईप लावायला मात्र वेळ होता."

तिनं तेल पुसून काढलं, ब्रेकच्या रबरी नळीला ओलं फडकं गुंडाळलं आणि गॅसच्या बत्तीची ज्योत बोल्टाभोवतीच्या लोखंडावर फिरवली, बोल्टावर नाही. भोवतालचं फुगलं की बोल्टाला जागा होते. मग मेणबत्ती फटीला टेकवली. मेण वितळलं आणि तहान लागल्यासारखं आत गेलं. बोल्टाचं शेपूट पलीकडून बाहेर आलं होतं, त्यावर तिनं खडूची रेघ मारली. डोक्यावर सहा कोनांची गोटी, पान्याची लोखंडी टोपी, ठोकून बसवली आणि पाना आवळायच्या बाजूला दाबला.

"उलटं फिरवतेस."

"आधी थोडा आवळायचा. रुसलेल्याला ऊठ म्हटलं तर उठत नाही, बस म्हटलं की उठतो."

बारीक 'टिक' झालं. मग ती सोडायच्या बाजूला वळली. पाना जरासा लवला, शेपूट हललं नाही. परत मागं. परत पुढं.

ती पाणी प्यायला आत गेली तेवढ्यात नवऱ्यानं पाईप घातला. लोखंड कण्हलं आणि ती ओल्या हातानं बाहेर आली.

"सोडा तो पाना."

"अगं, फिरतोय की."

"फिरत नाही, पिळतोय. रेघ बघा. डोकं वळलंय, शेपूट जागेवर आहे."

त्यानं वाकून बघितलं आणि पाईप असा खाली ठेवला, जणू झोपलेल्या कुत्र्याशेजारी ठेवतोय. आणखी एक हिसका, आणि उद्याची शाळा गेली असती.

"आता इथं बसा," ती म्हणाली. "शेपटावर अंगठा ठेवा. हललं तरच बोला. एरवी गप्प."

ती पुन्हा पहिल्यापासून लागली. ताप, मेण, ठोके, आवळ, सोड. अंगठ्याला चटका बसला की नवरा हात काढायचा, फुंकायचा, परत ठेवायचा. दुपार कलली. तरी ती पाना हळूच ओढायची.

"हललं," तो म्हणाला.

"नक्की? का कंटाळलात?"

"तिळाएवढं. पण हललं."

त्यानंतरही तिनं घाई केली नाही. जेवढा सुटायचा, त्याच्या निम्मा परत आत घालायची. गंजाची तांबडी भुकटी गळायची. अंधार पडायच्या आधी बोल्ट अख्खा हातात आला. तिनं तो बघितला आणि भंगाराच्या डब्यात टाकला.

"इतकं करून टाकलास?"

"मान पिळलीय त्याची. जपले ते भोकातले आटे. ते गेले असते तर नवा बोल्ट कशात लावला असता?"

चकती बदलली. नवीन बोल्ट आधी हातानंच आत फिरला, अडला नाही. मग तिनं ताण मोजणारा पाना नवऱ्याकडं दिला. "टक् म्हटलं की थांबायचं."

टक् झालं. त्याचा हात आणखी एका ओढीसाठी शिवशिवला. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि पाना काढून घेतला.

चाक चढवून, ब्रेक चार वेळा दाबून, त्यानं व्हॅन गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि पाय दाबला. व्हॅन सरळ, आवाज न करता, जागच्या जागी उभी राहिली. परत येऊन तो म्हणाला, "सकाळी लवकर उठव."

"मी का उठवू? शाळा तुमची आहे," ती म्हणाली, आणि साबण शोधायला लागली.