मापात पाणी

जन्म दुधाच्या धंद्यात गेला, पण दुधात पाण्याचा थेंब पडला नाही, म्हणून गिऱ्हाइकांनीच त्यांचं नाव निखळकाका पाडलं. काका ते नाव मिरवायचेही. दुसऱ्याच्या दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचे आणि तो सरसर ओघळला की चारचौघांत त्याची अब्रू काढायचे. एका दूधवाल्याचा धंदाच त्यांनी असा बुडवला. त्याच्या घरी काय शिजत असेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

तर या काकांची बायपास झाली. हृदयाचं काम फत्ते झालं, पण किडन्यांवर ताण आला होता. लघवीची नळी काढल्यावर सिस्टरनं खुणांचं भांडं हातात दिलं आणि लघवी यातच करा, मोजायची आहे, असं बजावलं. पुरेशी झाली की घरी सोडू, असं डॉक्टर बोलून गेले. काकांना घरचे वेध लागलेले आणि भांड्याचा तळ जेमतेम झाकला जाई. तेवढंसं भांडं सोबतीला बसलेल्या सुनेच्या डोळ्यांदेखत न्यायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. बाथरूममध्ये नळ समोरच होता. हात कसा गेला कळलंच नाही, असं काका पुढे सांगत. खोटं आहे. खुणेकडे बघत, बेतानं घातलं त्यांनी, आणि दुसऱ्या दिवशीही घातलं.

सिस्टर बिचारी आकडा लिहून खूश होत होती. मग काकांची पावलं सुजली, धाप लागली. रक्त तपासलं तर किडन्या पार बसलेल्या. डॉक्टर सगळ्या वॉर्डासमोर सिस्टरवर उखडले. न बघताच आकडे ठोकतेस, उद्यापासून या वॉर्डात दिसू नकोस, म्हणाले. तिनं मान खाली घातली आणि नीट मोजलं होतं, एवढंच सांगितलं. त्यात काकूंनी तेल ओतलं.

"आमच्या ह्यांनी जन्मभर माप सांभाळलं. आजकालच्या मुलींना साधं मोजता येत नाही."

काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. गप्प बसणं सोपं होतं. त्या दूधवाल्याचा पडलेला चेहरा आज कुठून डोळ्यांपुढे आला कोण जाणे.

"तिला बोलू नका," ते म्हणाले. "पाणी मी घातलं."

काकूंना वाटलं, म्हातारा बरळतोय. मग त्यांनी नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि पिशवी आवरायला घेतली. पिशवीत आवरण्यासारखं काही नव्हतं.

काही दिवस डायलिसिस करावं लागलं, मग किडन्या हळूहळू चालू लागल्या. सिस्टर वॉर्डातच राहिली. काकांनी हात जोडले तर आराम करा, इतकंच म्हणाली. पुन्हा भांडं आलं त्या दिवशी मात्र तिनं बाथरूमचं दार लावू दिलं नाही. पाठ फिरवून उंबऱ्यात उभी राहिली.

"आता नाही करणार, पोरी," काका म्हणाले.

"माहीत आहे, काका," ती म्हणाली, आणि तिथंच उभी राहिली.